लाल पेटीतली प्रपत्रं

सोमवार, ४ ऑगस्ट २००३

एम.फिल.चा पहिला दिवस. पहिला पेपर संशोधन पद्धती, वेळ अकराची. मी १०.३५ ला वर्गात होतो. शिकवणाऱ्या बाई ११.०९ ला आल्या. कंपनीत नऊ मिनिटं उशीर झाला की वॉचमन ओळख दाखवत नसे.

वर्गात तेरा मुलं-मुली आणि मी. मुलं एकेक करून येत होती आणि मला पाहून ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणत होती. मी सर नाही हे कळल्यावर त्यांचे चेहरे असे झाले, की दिलेला नमस्कार परत मागतात की काय.

बाईंचं नाव डॉ. अक्षता. वय तेहतीसच्या वर नाही. “संशोधन म्हणजे काय, एका वाक्यात सांगा,” म्हणाल्या. शुभंकर म्हणून एक दाढीवाला मुलगा आहे. रात्री हिंजवडीला कॉल सेंटरमध्ये अमेरिकेतल्या लोकांशी बोलतो आणि दिवसा इथे झोपतो. तो म्हणाला, “मॅम, बेसिकली माहिती गोळा करणं.” गोळा तर भंगारवालाही करतो.

मी म्हणालो, “संशोधन म्हणजे मोजमाप. मोजता येत नाही ते मत.”

“आणि मोजायचं राहून गेलं ते, मेश्राम?”

“तो निष्काळजीपणा.”

बाई हसल्या. हसण्यासारखं त्यात काय होतं, कळलं नाही.

नोंद असावी म्हणून लिहितो. रतन मेश्राम, वय ५१. पिंपरीच्या कंपनीत जून ७१ ते जून २००१, बरोबर तीस वर्षं. हेल्पर म्हणून लागलो, तपासनीस म्हणून निघालो. ड्रॉइंग वाचायला कोणी शिकवलं नाही, मायक्रोमीटर कसा धरायचा हे कोणी दाखवलं नाही. बी.ए., एम.ए. दोन्ही बाहेरून, शिफ्ट सांभाळून. पुढे कंपनीला परदेशी प्रमाणपत्र हवं झालं. त्यात लिहिलं होतं की तपासनीस डिप्लोमावाला असावा. मी हाताखाली तयार केलेली तीन डिप्लोमावाली पोरं माझ्या टेबलावर बसली आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ‘स्वेच्छा’ हा शब्द कंपनीचा.

गुरुवार, ७ ऑगस्ट

बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकातून संख्याशास्त्राचं जुनं पुस्तक घेतलं. दुकानदाराने विचारलं, “मुलासाठी का?” म्हटलं, माझ्यासाठी. “वा. टाइमपास चांगला होईल.” मी त्याला पान २११ वरची छपाईची चूक दाखवली. तो म्हणाला, “मग ठेवा परत.” तरी घेतलं.

पुस्तकाच्या शेवटी चार पानं नुसते आकडे आहेत, कसलाही क्रम नसलेले. नमुन्यात कोणाला घ्यायचं ते या सारणीने ठरवायचं, म्हणजे निवडणाऱ्याची लहर चालत नाही. जिथे वशिला लागत नाही अशी एक तरी गोष्ट जगात आहे.

मंगळवार, २ सप्टेंबर

विषय दिला: स्वेच्छानिवृत्त कामगारांचं दैनंदिन जीवन. अक्षताबाई म्हणाल्या, “आपण स्वतः त्यातले. अंतर ठेवता येईल?” मी म्हणालो, यंत्रावर स्वतः केलेला जॉब स्वतः रिजेक्ट केलेला माणूस आहे मी. त्यावर त्या नुसतं ‘हं’ म्हणाल्या.

घरच्या व्यवस्थेचीही एकदा नोंद करून ठेवतो. मी कंपनी सोडल्याचं आईला सांगितलेलं नाही. तिचं वय ७४, गुडघे गेलेले, रक्तदाब. दापोडीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरून ती खाली उतरत नाही. साठ साली ती भंडाऱ्याकडून पुण्याला आली आणि याच कंपनीच्या पायाभरणीला तिने घमेली वाहिली. त्या इमारतीत मुलगा पांढरा कोट घालून इन्स्पेक्टर झाला, हे ती डॉक्टरला सांगते आणि कंपाउंडरलाही सांगते. तिला हे कळता कामा नये. कळलं तर खचेल. म्हणून मी पूर्वीसारखाच ६.४० ला डबा घेऊन निघतो आणि ४.२५ ला परत येतो. वाचनालय आठला उघडतं. तोवर पायरीवर बसून टिपणं काढतो. याला वेळ काढणं म्हणत नाहीत.

बायको, शैला, महापालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे, तिला अर्थात सगळं माहीत आहे. आज डबा भरता भरता म्हणाली, “अहो, सव्वादोन वर्षं झाली. किती दिवस चालवायचं हे खोटं?”

“हे खोटं नाही. व्यवस्था आहे.”

“बरं. मग व्यवस्थेला आज मेथी देऊ का गवार?”

शनिवार, ४ ऑक्टोबर

खंडेनवमी. कंपनीत आज यंत्रं पुसून हार घालतात आणि पेढे वाटतात. मी वाटेत कसबा पेठेतून पेढे घेतले. कंपनीचे त्याच हलवायाकडून येत. तपशील सांभाळावा लागतो.

आईने अर्धा पेढा खाल्ला. म्हणाली, “सारं रंगवून-बिंगवून झालं असन ना गा?” म्हटलं, झालं. मग तिने माझा डबा घासला, फडक्याने पुसला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरून बराच वेळ पाहिला. नजर फार अधू झाली आहे तिची. शैलाला सांगितलं, एकदा तिचे डोळे तपासून घे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कामगार संघटनेकडून ३१२ घरांची यादी मिळाली. नावं काळ्या शाईने झाकून टाकली. राहिले कंपनीतले तिकीट नंबर आणि पत्ते. प्रपत्रावर तर तेही नाहीत, फक्त अनुक्रमांक. कामगाराला वेगळं विचारायचं, घरच्या माणसाला वेगळं. दोघांचं जुळलं नाही तर प्रपत्र बाद. उत्तरं प्रमाण मराठीत उतरवायची, बोलीचा गोंधळ नको. कंपनीसारख्याच तीन पेट्या केल्या आहेत: हिरवी पास, पिवळी दुरुस्ती, लाल बाद.

माझा ४१७ नंबरही यादीत होता. संशोधक स्वतः नमुन्यात नसतो. माझ्या प्रतीतून खोडला.

वर्गात हे सगळं समजावून सांगितलं. शुभंकर जागा होता, हे नवल.

“पण काका, नाव नसेल तर माणूस लक्षात कसा राहणार?”

“माणूस लक्षात ठेवायचा नसतो. उत्तर लक्षात ठेवायचं असतं. आणि मी तुझा काका नाही.”

“ओके काका.” मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, “हे लोखंडी टोकाचे बूट कशाला? इथे पायावर काय पडणार, गृहीतक?”

वर्ग हसला. बूट चांगले आहेत, अजून टिकतात, म्हणून घालतो. त्याच्या कापडी बुटांना एका पावसात भोक पडलं होतं, ते मी बोललो नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

रंगराव वेल्डर, मुक्काम कसबा पेठ. मागच्या आठवड्यात त्याची मुलाखत घेतली. ‘सध्या काय करता?’ म्हटल्यावर, एके ठिकाणी सुपरवायझर आहे, म्हणाला. कुठे, ते सांगेना. त्याच्या बायकोने, गोदाबाईने, वेगळ्या प्रपत्रात सांगितलं, “हो, कामावर जातात ना, सातला निघतात.” जुळलं. हिरव्या पेटीत टाकलं.

आज सकाळी वाचनालयातून एक पुस्तक विकत आणायला निघालो होतो, तर संभाजी पार्कात बाकावर हा. डबा मांडीवर.

“रंगराव, इथे?”

“जेवायची सुट्टी.”

“पावणेदहाला?”

तो डब्याच्या कडीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, “तू कुठं निघालास डबा घेऊन?”

“अभ्यासाला.”

“असं,” म्हणाला. “बस की. गवार आहे.”

बसलो नाही. घरी येऊन प्रपत्र ११ हिरव्या पेटीतून काढून लाल पेटीत टाकलं. आतापर्यंत अशी सात झाली. काय माणसं आहेत! तीस-तीस वर्षं लोखंड सरळ करत आले आणि घरच्या बाईला एक गोष्ट सरळ सांगायची छाती नाही. सकाळी बूट घालायचे, बागेत जाऊन बसायचं, संध्याकाळी दमल्याचं सोंग करायचं. मी निदान वाचतो.

सोमवार, १९ जानेवारी २००४

अक्षताबाईंचं नवं खूळ. प्रत्येकाचं साधन दुसऱ्याने दहा घरी चालवून बघायचं, फक्त घरच्या माणसांवर. “आपण केलेला गेज दुसऱ्याच्या हातात तेच माप दाखवतो का, मेश्राम?” गेज! कोणीतरी शब्द सांगितला असणार.

माझी प्रश्नावली शुभंकरच्या वाट्याला आली. त्याची माझ्या. त्याचा विषय मोबाइल आणि तरुण पिढी. पहिला प्रश्न: ‘मोबाइल जवळ नसेल तर आपल्याला कसं वाटतं?’ मी लिहिलं: शांत.

आणि या महाशयांनी माझ्या यादीवर चहा सांडला. दोन महिने जपलेला कागद. वर म्हणतो, “डोन्ट वरी काका, संघटनेत जाऊन फ्रेश झेरॉक्स आणली. नावंसुद्धा झाकून घेतली. तुमच्याच सारणीवरून दहा घरं काढली, शप्पथ.” सारणी तरी नीट वाचता आली का, देव जाणे. देव मानत नाही, तरी अशा वेळी तोंडातून जातं.

गुरुवार, २९ जानेवारी

शुभंकर आज वर्गात झोपला नाही. मी आलो तर खुर्चीवरून उठला. दुपारी जवळ येऊन म्हणाला, “काका, डबा द्या. कॅन्टीनमध्ये मायक्रोवेव्ह आलाय, गरम करून आणतो.”

“मी गारच खातो.”

“केव्हापासून?”

याला काय करायचंय? सांख्यिकीचा गृहपाठ तुंबला असणार. असली मऊ पोरं काम असल्याशिवाय मऊ होत नाहीत.

सोमवार, ९ फेब्रुवारी

एक मार्चपर्यंत आराखडा मंजूर झाला नाही तर वर्ष फुकट. बाईंकडे गेलो. तीस प्रपत्रांची कोष्टकं नेली होती, टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत. त्यांनी दोन मिनिटं चाळली.

“आणि लाल पेटीत किती?”

“नऊ.”

“का?”

“खोटं बोलले.”

“कोणाशी?”

“घरच्यांशी. म्हणजे माझ्याशीही.”

“मेश्राम, तुमच्या हिरव्या पेटीत पेपर वाचणं, नातवाला शाळेत सोडणं, भाजी आणणं आहे. हे मला कोणालाही न विचारता माहीत होतं. तिसातली नऊ माणसं रोज डबा घेऊन कुठे जातात, हे मला माहीत नव्हतं. ती पेटी घेऊन या.”

“ती रद्दी आहे, मॅडम. रिजेक्ट माल का बिघडला ते बघणं तपासनीसाचं काम नाही. ते प्रॉडक्शनचं.”

“इथे प्रॉडक्शन कोण आहे?”

मी कोष्टकं गोळा करू लागलो. “पेटीशिवाय मी सही करणार नाही,” म्हणाल्या. चष्मा पुसता पुसता म्हणाल्या. तेहतीस वर्षांच्या बाईने तीस वर्षं माल तपासलेल्या माणसाला हे सांगावं. परत येताना बसमध्ये उभा होतो, चार थांबे गेले तरी राग उतरला नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

शुभंकरची दहा प्रपत्रं आज तपासायला घेतली, ३१ ते ४०. अक्षर कोंबडीचे पाय. ३३ मध्ये वय लिहायला विसरला. ३५ मध्ये ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्हींवर खूण. अपेक्षेप्रमाणे.

मग ३७. हे जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

उत्तरदाता: कामगाराची आई. शिक्षण: नाही. प्रश्न १४, नोकरी सुटल्याचं कोणाकडून कळलं? “कोणाकडून नाही. डब्यावरून. डबा मी घासते, घरातलं तेवढंच काम आता जमतं. कंपनीत डबे गरम पेटीत ठेवायचे, म्हणून बुडाला तपकिरी डाग पडायचा. तो चिंचेने काढावा लागे. एका जूनपासून डाग पडेनासा झाला. वाटलं, पेटी बिघडली असेल. महिनाभर थांबले. मग शर्टाचा वास घेऊन पाहिला, तेलाचा वास नव्हता. डब्यावर कंपनीचा आकडा आहे. तो करपतो, म्हणून खंडेनवमीच्या आधी दर वर्षी रंगवून मिळायचा. त्या वर्षी रंगवला नाही. दोन खंडेनवम्या गेल्या, आकडा पुसत चाललाय. तेव्हा खात्री झाली.”

प्रश्न १५, आपण त्यांना विचारलं का? “नाही. सकाळी बूट बांधून उठतो तेव्हा तो ताठ असतो. विचारलं तर बूट काढून घरात बसेल. जातोय तर जाऊ दे.”

प्रश्न १६, आपल्याला माहीत आहे हे त्यांना ठाऊक आहे का? “नाही. त्याला वाटतं, कळलं तर मी खचेन.”

दोनदा वाचलं. तपशील बरोबर आहेत. गरम पेटीत आमचे आठशे डबे एकदम जायचे, बुडाला डाग सगळ्यांच्याच पडायचा, रंगही असाच मिळायचा. बाई खरं बोलते आहे. आणि काय काम केलं आहे तिने! एका खुणेवर निष्कर्ष काढला नाही. दुसरं कारण असू शकेल का, ते पाहिलं. थांबली. दुसरी खूण शोधली, तिसरी शोधली, वर्षावर वर्षं जाऊ दिली. आणि ज्याचा अभ्यास करते आहे त्याला कळूसुद्धा दिलं नाही. अक्षताबाईंना हे शिकायला परदेशात जावं लागलं. ही माउली मोरीत बसून शिकली. आमच्या वर्गातल्या तेराच्या तेरा जणांना हिच्याकडे महिनाभर डबे घासायला पाठवावं.

आणि मुलगा? आई डोळ्यांदेखत सगळं वाचते आहे आणि या शहाण्याला पत्ता नाही. लाल शाईने शेरा मारला: ‘निरीक्षण उत्कृष्ट. मुलगा भेकड आणि वर मूर्ख.’ पण पेटी कोणती, ते ठरेना. प्रपत्र टेबलावरच ठेवलं आहे.

आमच्याकडे असं होणं शक्य नाही. आईला तर डबा खिडकीशी नेऊन उजेडात धरल्याशिवाय दिसतही

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दुपारी १२.३०. डबा पाहिला. ४ आहे, १ आहे, ७ अर्धा. बूड लखलखीत.

तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक जॉब असा न बघता गेला नाही, आणि हा डबा रोज हातात होता.

जेवलो नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

शुभंकरला व्हरांड्यात गाठलं.

“३७ कुठल्या पत्त्यावर घेतलंस?”

“पत्ता लिहायचा नाही, तुमचा नियम आहे.”

“मी विचारतोय.”

“आठवत नाही काका.” खोटं बोलायचा सराव नाही त्याला, कानापर्यंत लाल झाला. कॉल सेंटरमध्ये कसा टिकलाय कोण जाणे. “भिंतीवर एक फोटो होता. पांढऱ्या कोटातला. मी बघितला नाही.”

त्याच्या नव्या झेरॉक्सवर ४१७ खोडलेला नव्हता. तोच म्हणाला, “शेरा वाचला मी तुमचा. तेवढा खोडा ना. आजींना आवडणार नाही.”

सोमवार, १६ फेब्रुवारी

नियम मीच केलेला आहे: दहातली दोन प्रपत्रं संशोधकाने स्वतः घरी जाऊन पुन्हा तपासायची. सारणीने ३२ आणि ३९ काढून दिली. सारणी मिटून ठेवली. असं आजवर केलेलं नाही. ३७ घेऊन निघालो.

दुपारी २.०५ ला स्वतःच्या दाराची घंटा वाजवली. या वेळी घरी एकटी आईच असते. काठी टेकत यायला तिला दोन मिनिटं लागली.

“काहून गा? शिफ्ट लवकर सुटली?”

“नाही. कॉलेजच्या कामाने आलोय. प्रश्न आहेत थोडे.”

तिने माझ्या हातातला कागद पाहिला. मग जाऊन खाटेवर बसली, पदर सारखा केला. परक्या माणसासमोर करते तसा.

“इचार.”

प्रश्न १४ वाचला. 

“सांगतलं ना त्या पोराले. चहा पेऊन गेलं. मोठं गुणाचं हाय.”

“तपासणी असते, आई. एकदा लिहिलेलं पुन्हा विचारतात.”

“बरं हाय. तपासावच. वाच, काय लिवलं त्यानं.”

वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. ‘दोन खंडेनवम्या’ आलं तसं तिने बोट वर केलं.

“दोन नाही. तीन. पयली, दुसरी, अन् ही पेढ्याची.”

बरोबर. २००१, २००२, २००३. मी दोनदा वाचलं होतं आणि चूक दिसली नव्हती.

“पेढे त्याच हलवायाचे होते,” मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

“असन. पन कंपनी मानसी दोन पेढे देत होती. तुनं पाव किलो आनले.”

लाल पेन काढलं. ‘दोन’ खोडून ‘तीन’ केलं, बाजूला सही केली, तारीख टाकली. हात आपोआप चालत होता. मग प्रश्न १५: आपण त्यांना विचारलं का?

“त्यानं काहून नाही सांगतलं?”

“प्रश्न मी विचारतोय, आई.”

“मंग लिव, उत्तर नाही देल्लं.”

मी लिहिलं. खरोखर लिहिलं. ती खिडकीकडे बघत होती. तिकडूनच म्हणाली, “घमेले म्या मजुरीसाठी वायले गा. बिल्डिंग त्यायची होती. पोरगा माहा होता.”

हे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हतं, म्हणून रकाना नव्हता. समासात लिहिलं. तिच्याच बोलीत.

“अन् हे खाली लाल काय हाय?”

वाचून दाखवलं. निरीक्षण उत्कृष्ट म्हणजे काय, तेही सांगितलं. ‘मुलगा भेकड आणि वर मूर्ख.’ तिने थोडा विचार केला.

“मूर्ख राहू दे. भेकड खोड.”

खोडलं. तिथेही सही केली.

 तिने माझ्या पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. डबा भरलेला होता.

“गुरुवारीबी तसाच आनला होता,” म्हणाली. “उद्या कितीले भराचा?”

“वर्ग अकराला असतो.”

“मंग नवाले. भाजी तरी ताजी राहीन.”

शैला सहाला आली. आईने तिला सांगितलं असावं, कारण ती माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली आणि आत भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजली. नंतर बाहेर येऊन विचारलं, “म्हणजे उद्यापासून मी पाचला उठायचं नाही का?” म्हटलं, नाही. “अडीच वर्षांची झोप कोणाकडे मागायची?” यावरही माझ्याकडे रकाना नव्हता.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

९.१० ला निघालो. त्या वेळी दापोडीच्या थांब्यावर एवढी गर्दी असते हे मला माहीतच नव्हतं. कॉलेजची पोरं, गळ्यात पट्टे घातलेली कॉम्प्युटरवाली पोरं, कोणाला रांग म्हणजे काय ते ठाऊक नाही. एकाने पायावर पाय दिला. त्याचाच दुखला. बूट सकाळी सवयीने चढवले होते.

लाल पेटी बरोबर घेतली आहे, बाईंसाठी. दहा प्रपत्रं, ३७ धरून. पेटीचा रंग मंजुरीच्या आड येतो का, ते आज बघतो. त्या बरोबर होत्या असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की शब्द ‘गेज’ त्यांनी बरोबर वापरला होता.

कॉलेजला जाण्याआधी संभाजी पार्कपाशी उतरलो. रंगराव त्याच बाकावर. मला बघून सरळ बसला आणि डबा पिशवीत ढकलू लागला. प्रपत्र ११ पेटीत सगळ्यात वर होतं, दोन प्रश्न नव्याने विचारायचे होते. पेटी बाकाखाली सरकवली. शेजारी बसलो, डबा काढला, झाकण त्याच्यासमोर ठेवलं. अर्धा ७ त्याच्या बाजूला आला. त्याने आकडा पाहिला. मग त्याने स्वतःचा डबा परत बाहेर काढला. त्याच्यावर तर आकड्याचा नुसता एक ठिपका उरला होता.

“आत्ता?” तो म्हणाला. “पावणेदहा झालेत.”

“जेवायची सुट्टी,” मी म्हणालो.

त्याच्या गवारीत मीठ जास्त होतं. सांगितलं.